वीस मिनिटं उकळलेल्या दाढा

"काठ तेवढा राहिलाय. आतलं हाड गेलेलं आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि काचेवर लावलेल्या फोटोवर पट्टी ठेवली.

फोटो माझ्या बायकोच्या जबड्याचा होता. त्याला ओपीजी म्हणतात. दोन्ही जबडे, सगळे दात, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकाच लांबट फोटोत दिसतात. डाव्या बाजूला खाली, शेवटच्या दाढेपाशी, अंड्याच्या आकाराचा काळा डाग होता. मॅडमनी मोजलं: लांबी ३८ मिलिमीटर, उंची २४. डागाखाली जबड्याची जी पांढरी रेघ उरली होती ती ४ मिलिमीटर. उजव्या बाजूला त्याच जागी १५ होती.

"याला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात," त्या म्हणाल्या. "अक्कलदाढ आतच आडवी अडकली. तिच्याभोवती पाण्याची पिशवी तयार झाली. पिशवी वाढते तसं हाड झिजतं. आता साधा धक्का लागला तरी जबडा मोडू शकतो."

हे २००८ सालच्या उन्हाळ्यातलं. गालाची सूज आदल्या पोळ्यापासून होती. म्हणजे आठ महिने. त्या आठ महिन्यांत तालुक्याच्या गावच्या एका दातांच्या डॉक्टरने अँटिबायोटिकचे चार कोर्स दिले आणि दर वेळी "उष्णता आहे, उतरेल" म्हणून परत पाठवलं. एकदाही फोटो काढला नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पण माझा राग गेलेला आहे असं कोणी समजू नये. मी कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत दर रविवारी दोऱ्याने मोजत होतो. उजवीकडे १३.१ सेंटिमीटर, डावीकडे आधी १३.८, मग १४.२, मग १४.६. हे आकडे त्याला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही ढोरं मोजता तशी बायको मोजता काय?"

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. शिरड शहापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा माझी सतरा वर्षं झाली होती. लोक आम्हालाही डॉक्टरच म्हणतात, आणि या सगळ्या प्रकरणात मला तेच नडलं.

बायकोचं नाव कलावती. वय तेव्हा एक्केचाळीस. घरी शेती थोडी आणि शेळ्या चौदा. शेळ्यांमागे तीच जायची.

दंत महाविद्यालय आमच्यापासून एस.टी.ने सहा तासांवर. पहिल्या दिवशी नोंदणीच्या रांगेत दोन तास दहा मिनिटं, फोटोसाठी सव्वा तास, फोटो ओला म्हणून आणखी अर्धा तास. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी साडेसातला पोचावं आणि बरोबर भाकरी न्यावी. तिथला रजिस्ट्रार म्हणजे शिकाऊ डॉक्टरांचा मुकादम. तो बसलेल्या माणसाला उभं करून बोलायचा. मॅडम मात्र खुर्ची द्यायच्या. त्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि याच विषयाचा अभ्यास करत होत्या.

आधी कॅन्सर नाही ना ते पाहायचं होतं. कलावती वीस वर्षं मिसरी लावायची, त्यामुळे मॅडमना ती शंका होती. पिशवीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. याला बायोप्सी म्हणतात. त्याच वेळी आतली अडकलेली अक्कलदाढ आणि तिच्या पुढची, मुळं खाल्ली गेलेली दाढ, अशा दोन दाढा काढल्या आणि पिशवीत एक बारीक नळी बसवली. नळीतून पिशवीतलं पाणी निघत राहतं, आतला दाब कमी होतो आणि पोकळी हळूहळू लहान होते. बायोप्सीचा निकाल अकरा दिवसांनी आला. कॅन्सर नव्हता.

मिसरी बंद करा, असं मॅडमनी एकदाच सांगितलं. तंबाखूने नवं हाड धरत नाही. कलावतीने बसस्टँडवरच डबी उघडून मिसरी रस्त्यावर उधळली. त्यानंतर तिने ती लावली नाही. तिने एकही नियम मोडला नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. कारण पुढे ज्याने नियम मोडला तो मी आहे.

चार महिन्यांनी पिशवी पूर्ण काढायची आणि पोकळीत काहीतरी भरायचं असं ठरलं. हाडाच्या जागी जे भरतात त्याला ग्राफ्ट म्हणतात. आपल्या शेतातला बांध फुटला तर नुसती माती ओढून भागत नाही, आधी दगड रचावे लागतात आणि मग त्यांच्या आधाराने माती धरते. ग्राफ्ट म्हणजे ते दगड. नवं हाड त्याच्या आधाराने येतं.

मॅडमनी तीन पर्याय सांगितले. पहिला, कमरेचं हाड काढून जबड्यात घालायचं. कलावतीने विचारलं, "मंग मी चालन का?" त्या म्हणाल्या, "महिना दीड महिना लंगडत." दुसरा पर्याय तयार पावडरचा, जनावराच्या हाडापासून केलेली. कलावतीने विचारलं, "कोणतं जनावर?" मॅडमनी लपवलं नाही. म्हणाल्या, "गाय-बैलाच्या जातीचं." कलावतीने नकारार्थी मान हलवली. माझी स्वतःची हरकत नव्हती, पण तोंड तिचं होतं.

तिसरा पर्याय तेव्हा नवा होता. पेशंटचा स्वतःचाच काढलेला दात. दाताचा मोठा भाग ज्याचा असतो त्याला डेंटिन म्हणतात, आणि ते जवळजवळ हाडासारखंच असतं. दात साफ करून त्याचा रवा करायचा, तो आम्लात ठेवून त्यातले क्षार काढायचे, म्हणजे आतली प्रथिनं उघडी पडतात. ही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना हाड करायला बोलावतात. मग तो रवा पोकळीत भरायचा.

"माझीच दाढ मलाच?" कलावती म्हणाली. "मंग हे करा."

इथून माझी चूक सुरू होते.

विभागाच्या फ्रीजचा भरवसा नाही, भारनियमनात रोज सहा-सात तास बंद असतो, असं मॅडम बोलून गेल्या. मी लगेच म्हणालो, "माझ्याकडे लसीचा फ्रीज आहे. दोन ते आठ अंश. तापमान दिवसातून दोनदा लिहितो." कुणी विचारलं नव्हतं. मॅडमना ते पटलं. त्यांनी दोन्ही दाढा सलाइनच्या बाटलीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "काका, थंड ठेवा. उघडू नका. काही अडचण आली तर फोन करा."

शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषाराच्या लसीशेजारी मी ती बाटली ठेवली.

घरी रोज दोन वेळा सिरिंजने मिठाचं पाणी नळीतून सोडून पोकळी धुवायची होती. किती पाणी मावतं ते मी लिहून ठेवायचो. पहिल्या आठवड्यात साडेनऊ मिलिलिटर. महिन्याने आठ. पोकळी आकसत होती. एकदा नळी सैल झाली म्हणून मी विभागात फोन केला. रजिस्ट्रारने उचलला. "तुम्ही लोक ऊठसूट फोन करता," तो म्हणाला. "एवढं कळत नसेल तर पेशंट भरती करा. आणि जनावरांच्या दवाखान्यात आहात ना? एक नळी सांभाळता येत नाही?" फोन ठेवला. नळी मी स्वतः बसवली. नीट बसली. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला येतं.

जूनमध्ये वादळात गावचं रोहित्र जळालं. वीज तीन दिवस गेली. फ्रीजचा बर्फ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला. त्यानंतर एकतीस तास तापमान आठच्या वर होतं. सगळ्यात जास्त सव्वीस. लस मी नियमाप्रमाणे टाकून दिली आणि नोंद केली. मग बाटली पाहिली. सलाइन गढूळ झालं होतं.

तेव्हा मॅडमच्या विभागाचा नंबर माझ्या खिशात होता. मी फोन केला नाही. रजिस्ट्रार उचलेल हे एक कारण. दुसरं कारण खरं मोठं: मला वाटलं, मला उत्तर माहीत आहे. नोकरी लागली तेव्हा आमच्याकडे काचेच्या सिरिंज होत्या. त्या वापरून झाल्या की बॉयलरमध्ये वीस मिनिटं उकळायच्या. वीस म्हणजे वीस. एकोणीसला उघडलं तर वरिष्ठ परत लावायला सांगायचे. तो बॉयलर अजून कपाटावर होता. मी तो उतरवला, घासला, स्टोव्हवर ठेवला, पाण्याला उकळी फुटल्यावर घड्याळ लावलं आणि दोन्ही दाढा वीस मिनिटं उकळल्या. मग नव्या सलाइनमध्ये, नव्या बाटलीत घातल्या. चिठ्ठीवर लिहिलं: वीज बंद, ३१ तास ८ अंशांच्या वर, कमाल २६ अंश, २० मिनिटे उकळून निर्जंतुक केले. खाली सही.

त्या दिवशी मला समाधान वाटलं होतं, हे कबूल करतो.

दसऱ्यानंतर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. आदल्या दिवशी दुपारी मी मॅडमच्या टेबलावर बाटली ठेवली, तापमानाचा तक्ता ठेवला. त्यांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"उकळल्या?"

"वीस मिनिटं," मी म्हणालो. "पूर्ण."

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काका, अंडं उकडल्यावर त्यातून पिल्लू निघतं का?"

मी म्हणालो, "पाणी गढूळ झालं होतं."

"गढूळ पाण्याचं आम्ही पाहिलं असतं. दात धुणं, जंतू मारणं, हे सगळं आमच्या पद्धतीत आहेच. ज्या प्रथिनांसाठी आपण दात वापरणार होतो ती शिजली. शिजलेलं परत कच्चं करता येत नाही."

रजिस्ट्रार तिथेच होता. त्याने बाटली उजेडात धरली आणि बाकीच्या शिकाऊ मुलांना दाखवली. "हे बघा, सूप." मुलं हसली. मी त्याला म्हणालो, "मी फोन केला होता तेव्हा तुम्ही काय बोललात ते आठवतं का?" तो म्हणाला, "आम्हाला दिवसाला चाळीस फोन येतात." म्हणालो, "मग चाळिसांपैकी एका फोनवर तरी उकळायचं नाही हे सांगायला पाहिजे होतं." मॅडमनी त्याला बाहेर पाठवलं. मग मला म्हणाल्या, "उघडू नका एवढंच मी बोलले. का उघडायचं नाही ते सांगितलं नाही. ते माझं चुकलं." रजिस्ट्रारच्या तोंडून असं वाक्य वर्षभरात एकदाही ऐकलं नाही.

मी माझा उजवा गाल ओढून दाखवला. "माझी अक्कलदाढ चांगली आहे. आत्ता काढा. तिची करा."

"नाही चालत," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याचा दात आम्ही वापरत नाही. परवानगी फक्त स्वतःच्याच दाताची आहे."

चूक मी केली होती आणि माझ्याजवळ द्यायला काहीच नव्हतं.

आता पुन्हा तेच उरले: कमरेचं हाड, ती पावडर, किंवा काहीच न भरता वाट पाहणं. पोकळीत आता साडेतीन मिलिलिटर पाणी मावत होतं. तेवढी लहान झाली होती, पण बाहेरची भिंत कागदासारखी होती. शेळीने शिंग मारलं, बसचा धक्का बसला तरी जबडा मोडेल. मोडला तर लोखंडी पट्टी, आणि कदाचित तेवढा भाग कायमचा काढणं. मॅडमनी मग वरची डावी अक्कलदाढ पाहिली. "हिची खालची जोडीदार गेली. ही चावायला कामाची नाही, पण निरोगी आहे. ही काढून वापरता येईल. रवा कमी मिळेल. सगळी पोकळी भरणार नाही, पण जिथे भिंत सगळ्यात पातळ आहे तिथे भरता येईल."

वऱ्हांड्यात कलावती आणि तिचा धाकटा भाऊ पंडित बसले होते. पंडित सेनगावकडे मेंढ्या पाळतो. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पंडित उभाच राहिला.

"दाजी, तुमी बकऱ्याची सुई उकळता तशी आक्काची दाढ उकळली?"

"हो."

"काहून?"

"मला वाटलं, जंतू मरतील."

"जंतू मेले का न्हाई म्हाईत न्हाई, पर आक्का मरन ना तुमच्या हुशारीनं! आमी अडाणी मानसं बरे. आमी ती बाटली हातबी लावली नसती. आन आता आनखी एक दाढ काढणार? चांगली? तुमच्या घरात आली तवा बत्तीस व्हते तिचे, तुमी मोजून घेतले असतीन!"

लोक बघत होते. त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एवढंच की बत्तीस नव्हते, एकतीस होते.

कलावतीने त्याला गप केलं. "तू कशाला बोंबलून राह्यला? तोंड माझं हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी हितंच बसा. मी बोलते त्यांच्याशी." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

पस्तीस मिनिटं ती आत होती. आत काय बोलणं झालं ते मला आजही पूर्ण माहीत नाही. नंतर मॅडमनी सांगितलं की तिने एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: ही दाढ काढल्यावर ती कोण सांभाळणार? मॅडमनी शब्द दिला की दाढ त्यांच्या हातातून कुठेही जाणार नाही. बाहेर आली तेव्हा कलावतीच्या गालात कापूस होता. दाढ काढून झाली होती. तिने मला विचारलं नव्हतं.

मॅडमनी त्याच दिवशी दाढ साफ केली, रवा केला. रात्रभर आम्लाच्या कामासाठी त्या स्वतः प्रयोगशाळेत थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कलावतीला आत नेलं, दीड वाजता बाहेर आणलं. पिशवी पूर्ण निघाली. दाढेचा रवा एका चमच्यापेक्षा कमी भरला. तो बाहेरच्या भिंतीला लावून वरून हिरडी शिवली. टाके नऊ.

पुढचे सहा आठवडे पेज, पातळ वरण, कुस्करलेली केळी. शेळ्या पंडित घेऊन गेला आणि जाताना माझ्याशी बोलला नाही. पुढचे सात महिनेही बोलला नाही. कलावती कामापुरतं बोलायची. मी तिसऱ्या दिवशी माफी मागितली. ती म्हणाली, "पानी द्या." मी पाणी दिलं.

फोटो तीन वेळा काढले. सहाव्या आठवड्यात फरक कळत नव्हता, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या महिन्यात काळ्या डागाच्या कडेला धुरकट पांढरं दिसलं. सहाव्या महिन्यात, म्हणजे २००९च्या उन्हाळ्यात, मॅडमनी तीच पट्टी ठेवली. जिथे ४ मिलिमीटर होते तिथे ११. रवा लावलेल्या बाजूची भिंत जाड, पांढरी. जिथे रवा पुरला नव्हता तिथे अजून खोलगट छाया होती. "तीही भरेल, पण सावकाश," मॅडम म्हणाल्या. "आता भाकरी खा, मावशी. कडक नको लगेच."

जी छाया उरली होती ती माझी होती. त्या दोन दाढा मी उकळल्या नसत्या तर ती तिथे नसती. हे मॅडम बोलल्या नाहीत, पण मला बेरीज येते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना सांगतो. सूज महिनाभर राहिली तर फोटो मागा. फोटो न काढता गोळ्या देणाऱ्याकडून उठून या. ग्राफ्ट कशाचा आहे ते विचारा. तुमचा हक्क आहे. मिसरी, तंबाखू थांबवा. आणि दवाखान्याने तुमच्या हातात काही दिलं तर ते का आणि कसं ठेवायचं ते विचारा. समोरचा खेकसला तरी विचारा. आपल्याला दुसऱ्या कामातलं येतं म्हणून या कामातलंही येतं, असं समजू नका. आभार मी मॅडमचे मानतो, मनापासून. कलावतीचे मानतो. रजिस्ट्रारचे मानत नाही.

शेवटच्या भेटीत मॅडमना त्यांच्या अभ्यासासाठी कलावतीची सही हवी होती. नाव छापणार नव्हते, फक्त फोटो आणि आकडे. त्यांनी कागद मराठीत समजावून सांगितला: एक रुग्ण, एक अक्कलदाढ, सहा महिन्यांत इतकं हाड.

मी विचारलं, "पहिल्या दोन दाढा यात कुठे आहेत?"

"त्या वापरल्या नाहीत ना, काका. अभ्यासातून वगळल्या."

"तीन काढल्या आणि एक लिहिली, तर हिशोब चुकीचा होतो."

मॅडम थोड्या अवघडल्या. अभ्यास तपासणारे सर मान्य करणार नाहीत, म्हणाल्या. मी वाद घालायच्या तयारीत होतो. तेवढ्यात कलावतीने पेन खाली ठेवलं.

"त्या दोन बी लिवा, मॅडम," ती म्हणाली. "न्हाई लिवल्या तर उद्या दुसरं कोनी उकळंल. मंग मी सही करते."

मॅडमनी कागद ओढला आणि समासात हाताने लिहिलं. मग कलावतीला कळावं म्हणून वाचून दाखवलं: आधी काढलेल्या दोन दाढा नातेवाइकाने वीस मिनिटे उकळल्यामुळे वापरता आल्या नाहीत.

"नातेवाईक न्हाई," कलावती म्हणाली. "नवरा लिवा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि कलावतीने सही केली.